भिंती झाकल्या, घुमणे राहिले : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

घरातल्या एखाद्या खोलीत, मोजक्या पैशांत ध्वनिमुद्रण करू पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांना या वेळचे सदर दिले आहे. पत्रांत उपकरणांपेक्षा खोलीविषयीचे प्रश्न अधिक आहेत, ही मला समाधानाची गोष्ट वाटते. साधा मायक्रोफोन चांगल्या खोलीत निभावून नेतो. उत्तम मायक्रोफोन मात्र वाईट खोलीचे दोष अधिक स्पष्टपणे टिपतो.

प्रश्न : माझी खोली ३.६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच आहे. मी निवेदनाचे काम करतो. आवाज घुमतो म्हणून एक लांब आणि एक आखूड अशा दोन भिंती मी २.५ सेंटिमीटर जाडीच्या फोमच्या तुकड्यांनी पूर्ण झाकल्या. आता टाळी वाजवली तर काहीच घुमत नाही, पण मुद्रित झालेला माझा आवाज कोंदट, डब्यात बोलल्यासारखा येतो. उरलेल्या दोन भिंतीही झाकाव्यात का?

उत्तर : झाकू नका. टाळीने तुमची फसगत केली आहे. टाळीच्या आवाजात उंच कंप्रतांचा (कंप्रता म्हणजे ध्वनीची सेकंदाला होणारी कंपने, ती हर्ट्झमध्ये मोजतात) भरणा असतो आणि पातळ फोम नेमका तेवढाच भाग गिळतो. त्यामुळे टाळीची परीक्षा खोली सहज उत्तीर्ण होते आणि खर्ज, म्हणजे खालच्या कंप्रतांचा आवाज, मात्र पूर्वी होता तसाच भिंतीभिंतींमध्ये फिरत राहतो.

याचे कारण शोषणाच्या रीतीत आहे. फोम, ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर), रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर), रजई हे सारे सच्छिद्र पदार्थ आहेत, आणि ध्वनीमुळे हलणाऱ्या हवेचे त्यांच्या छिद्रांत घर्षण होऊन ध्वनीची ऊर्जा उष्णतेत जाते. भिंतीला अगदी लागून असलेल्या हवेला पुढेमागे हलायला वावच नसतो. ती सर्वांत जोराने हलते ती भिंतीपासून पाव तरंगलांबीच्या अंतरावर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला, तर सुमारे ३४०० हर्ट्झच्या ध्वनीची पाव तरंगलांबी अडीच सेंटिमीटर, १००० हर्ट्झची साडेआठ सेंटिमीटर आणि १०० हर्ट्झची तब्बल ८६ सेंटिमीटर भरते. जाडी पाव तरंगलांबीएवढी असल्याशिवाय काहीच शोषले जात नाही असे नव्हे. तिच्या निम्म्या जाडीतही पुष्कळ काम होते. परंतु अडीच सेंटिमीटरचा फोम २५० हर्ट्झच्या खाली भिंतीवर असून नसल्यासारखाच असतो.

तुमच्याच खोलीचा हिशेब मांडून पाहू. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस क्लेमेंट सॅबिन यांच्या सूत्रानुसार खोलीतला निनाद विरायला लागणारा काळ म्हणजे ०.१६१ गुणिले खोलीचे घनफळ भागिले एकूण शोषण. तुमच्या खोलीचे घनफळ सुमारे २९ घनमीटर आहे, आणि बोलण्याच्या ध्वनिमुद्रणासाठी ०.३ सेकंदाचा निनादकाळ धरला, तर सुमारे साडेपंधरा चौरस मीटर पूर्ण शोषक पृष्ठभाग हवा. तुम्ही झाकलेल्या दोन भिंती मिळून जवळजवळ १७.८ चौरस मीटर होतात. उंच कंप्रतांचे ९० टक्के शोषण धरले, तर त्या पट्ट्यापुरती गरज या फोमने एकट्यानेच भागवली आहे. गालिचा, पडदे, अंगावरचे कपडे हे सारे त्याच्या वर. खर्जाच्या पट्ट्यात मात्र हाच फोम जेमतेम दहा टक्के शोषतो, म्हणजे त्याचे योगदान दोन चौरस मीटरही नाही. छोट्या खोलीच्या खर्जाला हे सूत्र काटेकोरपणे लागू पडत नाही, तरी दोन पट्ट्यांमधली ही तफावत खरीच आहे, आणि तुम्हाला ऐकू येणारा कोंदटपणा म्हणजे तीच. उरलेल्या भिंती झाकल्यास ती आणखी वाढेल.

आता खर्जाकडे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या ध्वनीची अर्धी तरंगलांबी नेमकी मावते, त्या ध्वनीला ती खोली स्वतःहून साथ देऊ लागते. तुमच्या लांबीमुळे हा अनुनाद सुमारे ४८ हर्ट्झवर, रुंदीमुळे ५७ वर आणि उंचीमुळे ६४ वर येतो. त्यांच्या दुपटी ९६, ११५ आणि १२७ हर्ट्झवर पडतात, आणि पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर नेमका याच टापूत वावरतो. म्हणून तुमच्या वाक्यातले काही शब्द अकारण फुगल्यासारखे वाटत असणार. (तिन्ही मापे निरनिराळी आहेत, हे तुमचे भाग्यच; लांबी, रुंदी आणि उंची सारखीच असती, तर तिन्ही अनुनाद एकाच जागी येऊन बसले असते.)

उपाय असा की, क्षेत्रफळावर होणारा खर्च जाडीवर करावा. ग्लासवूल किंवा रॉकवूलच्या, घनमीटरला ४० ते ६० किलो घनतेच्या, १२० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर जाड पाट्या घ्याव्यात, साध्या लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत बसवाव्यात आणि कापडाने मढवाव्यात. असे आठ फलक एका छोट्या खोलीला आरंभासाठी पुष्कळ होतात. ते भिंतीला चिकटवू नयेत. मागे दहा सेंटिमीटर मोकळी जागा सोडली, तर दहा सेंटिमीटरची पाटी वीस सेंटिमीटरच्या जवळपास जाणारे काम करते, आणि त्या मोकळ्या जागेला काही मोल पडत नाही. एवढ्या मांडणीचा उपयोग साधारण १५० हर्ट्झपर्यंत जाणवतो आणि त्याखाली हळूहळू घटत जातो.

फलकांची जागा ठरवताना आधी कोपरे धरावेत. खोलीला चार कोपरे असतात असे आपण म्हणतो, पण दोन पृष्ठभाग जेथे मिळतात अशा कडा बारा असतात, आणि अनुनादाचा दाब या कडांवरच साठतो. साठ सेंटिमीटर रुंदीचा फलक उभ्या कोपऱ्यात तिरपा उभा केला, की त्याच्या मध्यामागे आपोआप तीस सेंटिमीटरची पोकळी तयार होते. ही पोकळीही त्याच वूलने भरता आली तर उत्तम, नाही भरता आली तरी फलकाचे काम थांबत नाही. चार फलक कोपऱ्यांत जावेत, दोन बोलणाऱ्याच्या पाठीमागे, आणि उरलेले दोन मायक्रोफोनच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर किंवा डोक्यावरच्या छताखाली टांगलेले असावेत. दोन उघड्या भिंती समोरासमोर सोडल्या, तर त्यांच्यामध्ये ध्वनी तडतडत राहतो, हे मात्र पाहावे.

लावलेला फोम वाया गेला असे समजू नका. तो जपून काढता आला, तर चार थर एकावर एक ठेवून जाड गठ्ठे करावेत आणि निम्म्याहून कमी जागेत, भिंतीपासून थोडे दूर लावावेत. तेवढाच फोम मग पूर्वीपेक्षा खालच्या पट्ट्यापर्यंत काम करू लागेल, आणि उघड्या पडलेल्या भिंतींमुळे तुमच्या आवाजातली गेलेली झळाळीही काही प्रमाणात परत येईल.

प्रश्न : बाहेरच्या रहदारीचा आवाज ध्वनिमुद्रणात येतो. खोलीच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे लावल्यास तो थांबेल का?

उत्तर : थांबणार नाही. अंड्यांच्या ट्रेची कीर्ती इतकी पसरली आहे की तिचा उगम शोधण्याच्या भानगडीत मी पडत नाही. त्यांच्या खडबडीत आकारामुळे उंच कंप्रता थोड्याशा विखुरतात, एवढेच. परंतु तुमच्या प्रश्नात दोन निराळी कामे एकत्र झाली आहेत. खोलीतला आवाज खोलीतच सौम्य करणे हे शोषण, आणि बाहेरचा आवाज आत येऊ न देणे हे रोधन. शोषणाला सच्छिद्र, हवा खेळती ठेवणारे पदार्थ लागतात. रोधनाला याच्या अगदी उलट, वजनदार आणि हवाबंद बांधणी लागते. आधीच्या उत्तरातले जाड फलकही रोधनाच्या कामी जवळपास निरुपयोगी आहेत.

रोधनात वजनाचा नियम कठोर आहे : भिंतीचे वजन दुप्पट केले, तर सिद्धांताप्रमाणेसुद्धा सुमारे ६ डेसिबलचाच लाभ होतो. म्हणून कमी पैशांत भिंतींच्या वाटेला जाऊ नये आणि फटींच्या मागे लागावे. भिंत कितीही भक्कम असो, तिच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का भाग उघडा राहिला, तर एकूण रोधन २० डेसिबलच्या वर जात नाही. ९० सेंटिमीटर रुंद आणि २१० सेंटिमीटर उंच दाराखालची एक सेंटिमीटरची फट म्हणजे दाराच्या क्षेत्रफळाचा अर्धा टक्का. तेवढ्यामुळे दार कितीही जाड घेतले तरी २३ डेसिबलवर अडकते. दाराच्या चौकटीला रबरी पट्टी, खाली झडप आणि खिडकीच्या सांध्यांना सीलंट एवढे आधी करावे, आणि त्यानंतरही जे ऐकू येईल ते ध्वनिमुद्रणाची वेळ बदलून टाळावे. खिडकीवर दुसरी जड काच बसवता आली, तर दोन काचांमध्ये शक्य तितके अंतर ठेवावे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. खोली जितकी भक्कम आणि हवाबंद होते, तितका तिच्यातला खर्ज बाहेर निसटेनासा होतो आणि आतल्या आत अधिक घुमतो. रोधन साधल्यावर शोषणाची गरज वाढते.

प्रश्न : भाड्याच्या घरात राहते, भिंतीला खिळा ठोकता येत नाही. पुस्तकांच्या वाचनाचे ध्वनिमुद्रण करायचे आहे. कपड्यांच्या कपाटात बसून वाचावे असा सल्ला मिळाला. तो योग्य आहे का?

उत्तर : कपाट उपयोगी आहे, पण त्याच्या आत शिरून नव्हे. नव्वद सेंटिमीटर रुंदीच्या पोकळीचा पहिला अनुनाद सुमारे १९१ हर्ट्झवर येतो, आणि स्त्रीच्या बोलण्याचा मूळ स्वर याच टापूत असतो. कपाट जाड कपड्यांनी सर्व बाजूंनी गच्च भरलेले असेल तर तो काहीसा दबतो. एरवी आवाज पेटीतून आल्यासारखा लागतो. त्यापेक्षा कपाटाची दारे उघडी ठेवावीत, त्याच्याकडे पाठ करून बसावे आणि कपड्यांना शोषणाचे काम करू द्यावे.

पाठ का, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. वाचनासाठी बहुधा कार्डिऑइड प्रकारचा मायक्रोफोन वापरला जातो. तो समोरचे सर्वाधिक ऐकतो आणि पाठीमागचे सर्वांत कमी. मायक्रोफोनच्या समोर तुम्ही असता आणि तुमच्या मागे जी भिंत असते, तीही त्याच्या समोरच असते. तेव्हा सर्वांत जाड शोषण तुमच्या पाठीमागे हवे. मायक्रोफोनच्या मागे बसवायचे अर्धगोल पडदे बाजारात पुष्कळ खपतात. ते तुमच्या तोंडातून पुढे जाणारा आवाज थोडा अडवतात, परंतु तुमच्या मागून परत येणाऱ्या ध्वनीपुढे त्यांचे काही चालत नाही. ते पैसे मी दोन जाड रजयांवर खर्च करीन.

या रजया उभ्या स्टँडवर किंवा कपडे वाळत घालायच्या घडीच्या रॅकवर दुपदरी घडी करून टांगाव्यात आणि बसण्याच्या जागेमागे इंग्रजी व्ही अक्षरासारख्या कोनात, भिंतीपासून पंधरा-वीस सेंटिमीटर दूर उभ्या कराव्यात. ताणून लावू नयेत, चुण्या पडू द्याव्यात. जादाची गादी घरात असेल, तर ती एका कोपऱ्यात तिरपी उभी करावी. पायांखाली गालिचा आणि टेबलावर जाड टॉवेल असावा, कारण टेबलाच्या पृष्ठभागावरून उसळणारा ध्वनी थोड्याच उशिराने मायक्रोफोनमध्ये शिरतो. हा फेरा सरळ वाटेपेक्षा ३४ सेंटिमीटरने लांब असेल, तर ध्वनी एक मिलिसेकंद मागे पडतो आणि ५०० हर्ट्झवर, पुन्हा १५०० वर, अशा जागी आवाजात खळगे पडतात.

याहून स्वस्त उपाय अंतराचा आहे. तोंड मायक्रोफोनपासून ४० सेंटिमीटरऐवजी २० सेंटिमीटरवर आणले, तर थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा आवाज जवळजवळ आहे तेवढाच राहतो. जवळ गेल्याने कार्डिऑइड मायक्रोफोनमध्ये खर्ज फुगतो. तो ८० हर्ट्झच्या आसपासच्या गाळणीने थोडा कापावा, आणि तोंडासमोर पॉप फिल्टर (उच्चारांतल्या फुंकरीचा झोत अडवणारी जाळी) ठेवून किंचित बाजूने वाचावे. खोलीच्या नेमक्या मध्यावर बसू नये.

गाद्या-रजयांचा हा मार्ग गरिबांची तडजोड आहे, असे मानायचे कारण नाही. आधी ज्या सॅबिन यांच्या सूत्राचा आधार घेतला, त्यांच्याकडे १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग कला संग्रहालयाचे व्याख्यानगृह सुधारण्याचे काम आले. तिथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. सॅबिन यांनी जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकांच्या गाद्या रात्री तिथे नेल्या आणि ऑर्गनची नळी वाजवून, किती गाद्यांनी निनाद किती कमी होतो, हे वेळ लावून मोजले. त्यांचे सूत्र त्या मोजमापांतून आले आहे, आणि शोषणाचे त्यांचे पहिले एकक गादीच होते.

प्रश्न : फलक बनवण्याऐवजी संगणकावरच्या दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरने स्पीकरचा आवाज सुधारून घेतला तर चालेल का? मुद्रित आवाजांचे मिश्रण (मिक्सिंग) करताना मला खर्ज कमी ऐकू येतो, आणि दुसरीकडे वाजवल्यावर तोच जास्त निघतो.

उत्तर : तुमच्या लक्षणांवरून तुम्ही खर्जाच्या खळग्यात बसला आहात. ३.६ मीटर लांबीच्या खोलीत मध्यभागी, म्हणजे १.८ मीटरवर, ४८ हर्ट्झचा दाब जवळजवळ शून्य होतो. खळगा थेट ध्वनी आणि परावर्तित ध्वनी यांनी एकमेकांना खोडल्याने पडतो. सॉफ्टवेअरने ती कंप्रता वाढवली की दोन्ही सारखेच वाढतात आणि पुन्हा एकमेकांना खोडतात. १० डेसिबल वाढवायला ॲम्प्लिफायरची दहापट शक्ती खर्ची पडते, आणि खळगा तसाच राहतो. उंचवटे मात्र सॉफ्टवेअरने कमी होऊ शकतात, तेही एकाच आसनापुरते.

म्हणून आधी खुर्ची हलवा. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे अशा खोलीत सुमारे १.३७ मीटरवर, ऐकण्याची जागा धरून पुढेमागे प्रयोग करण्याचा परिपाठ आहे, आणि आरंभबिंदू म्हणून तो चांगला आहे. मागच्या भिंतीला टेकून बसल्यास खर्ज उलट फुगतो. स्पीकर आणि त्यामागची भिंत यांत एक मीटर अंतर असेल, तर ८६ हर्ट्झवर आणखी एक खळगा पडतो. स्पीकर भिंतीपासून २० सेंटिमीटरवर सरकवला, की तो ४३० हर्ट्झवर जातो आणि तिथे जाड फलक त्याला आवरू शकतो. छोट्या खोलीत स्पीकर भिंतीजवळ ठेवणेच मला अधिक बरे वाटते. बाजूच्या भिंतींवरच्या फलकांची जागा आरशाने शोधावी : तुम्ही आसनावर बसा, दुसऱ्याने आरसा भिंतीवरून सरकवावा, आणि आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे फलक लावावा.

मोजमाप अवश्य करा. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. साधा मापनाचा मायक्रोफोन डोक्याच्या जागी ठेवून खालून वर सरकणारा स्वर वाजवला, की खोलीचा आलेख समोर येतो. खुर्ची दहा-दहा सेंटिमीटर सरकवून काढलेले चार आलेख एकमेकांशेजारी ठेवले, म्हणजे पुढे काय करायचे ते बहुतेक कळतेच.

प्रश्न : पुस्तकांची मांडणी ध्वनी विखुरण्यासाठी पुरेशी असते का?

उत्तर : थोडीफार. पुस्तके मागेपुढे, असमान ठेवावीत. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९७५ मध्ये गणिती क्रमावर बेतलेले विखुरक मांडले, पण त्यांच्या खाचा कंप्रतेनुसार खोल असाव्या लागतात आणि ऐकणाऱ्यापासून बरेच अंतर लागते. तीन मीटर रुंदीच्या खोलीत तो खर्च शोषणावर व्हावा.

प्रश्न : ग्लासवूलचे तंतू शरीराला अपायकारक आहेत असे ऐकले, म्हणून गादीचा साधा फोम वापरावा म्हणतो. फलकांना कापड कोणते लावावे?

उत्तर : वूलचे तंतू कातडीला आणि घशाला खाजवतात, हे खरे आहे. कापताना हातमोजे, मास्क आणि लांब बाह्यांचे कपडे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि फलक मागूनही कापडाने बंद करावेत; एकदा मढवलेला फलक कोणी बडवत नसेल, तर तंतू फारसे बाहेर येत नाहीत.

गादीच्या किंवा वेष्टनाच्या साध्या पॉलियुरेथेन फोमला मात्र मी स्पष्ट नकार देतो. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या ‘द स्टेशन’ या नाइट क्लबमध्ये भिंतीवरच्या अशाच फोमने आतषबाजीच्या ठिणग्यांनी पेट घेतला आणि १०० माणसे मरण पावली. २७ जानेवारी २०१३ रोजी ब्राझीलमधल्या सांता मारिया शहरातल्या ‘किस’ या क्लबमध्ये छताच्या फोमला आग लागून, मुख्यतः विषारी धुराने, २४२ जणांचा बळी गेला. फोम वापरायचाच असेल, तर अग्निरोधकतेची परीक्षा झालेला आणि तसे प्रमाणपत्र असलेलाच घ्यावा. दगड वितळवून केलेले रॉकवूल स्वतः पेटत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. रजया टांगल्या असतील, तर त्या दिव्यांपासून आणि हीटरपासून दूर असाव्यात.

कापडाची परीक्षा सोपी आहे. ते ओठांवर धरून फुंकर मारावी. हवा सहज पलीकडे गेली, तर ध्वनीही जाईल. प्लास्टिकचे किंवा रेक्झिनचे आवरण उंच कंप्रता परत फेकते. एके काळी केवळ रंग आवडला म्हणून मी दोन फलक रेक्झिनने मढवले होते. ते आता कोपऱ्यात खर्ज पकडायला ठेवले आहेत, आणि आवाज आधीच कोंदट झालेल्या खोलीत अशा आवरणाचा तेवढा उपयोग होतो.